पहिलं बाळंतपण, आई येऊ शकत नाही: डूला लावायची का?

पेरूची_फोड

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. मला आठवा लागलाय, पहिलंच बाळ, आम्ही पुण्यात वाकडला राहतो. माहेर नांदेडकडे. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ती येऊन बसेल फार तर, पण रात्रीची उठबस, बाळाची आंघोळ, माझं खाणंपिणं हे तिच्याच्याने होणार नाही आणि आता या महिन्यात तिकडे जाऊन नवीन डॉक्टर शोधायचे हे मला अजिबात नकोय. सासूबाई नाहीत. नवरा मनापासून करतो सगळं पण कंपनीने त्याला पाच दिवसांची रजा दिलीये, पाच, आणि रक्त बघितलं की तो स्वतःच आडवा होतो.

तर ऑफिसमधल्या एकीने डूला (म्हणजे बाळंतपणात सोबतीला थांबणारी बाई, डॉक्टर किंवा नर्स नाही) लावली होती, तिच्याकडून ऐकून मीही एकींशी बोलले. बाई बोलायला छान वाटल्या. त्यांचं असं आहे की आधी तीनदा भेटणार, कळा सुरू झाल्या की घरी येणार, मग हॉस्पिटलात बाळ होईपर्यंत थांबणार आणि नंतर दोनदा घरी येऊन दूध पाजण्याचं वगैरे बघणार. ४५ हजार. नंतर घरी मदतीला येणारी डूला हवी असेल तर ती वेगळी, तासावर. हे घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "हात धरून बसायचे पंचेचाळीस हजार? त्यात चार महिने मालिशवाली आणि स्वैपाकाला बाई येईल." तिचंही खोटं नाही ना. नवरा म्हणतो तू ठरव, जे मला सगळ्यात कमी उपयोगाचं उत्तर आहे.

म्हणून विचारते, कोणी खरंच लावली होती का, पैसे वसूल वाटले का, डॉक्टर-नर्स वैतागत नाहीत का मध्ये आलेल्या या बाईवर, आणि एकच काहीतरी परवडणार असेल तर बाळंतपणाच्या वेळची घ्यावी का नंतरची? "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे घरी रोज ऐकतेय, ते कृपया इथे नको 🙏

ताकभात

मी लावली होती. पुण्यातच, माझा लेक आता शाळेत जायला लागला. आधी हे सांगते की माझं शेवटी सिझेरियन झालं, त्यामुळे डूला म्हणजे नॉर्मलची गॅरंटी असं कोणी सांगत असेल तर ती बाई बदल. तरीही मी पुन्हा लावेन.

कारण असं की आपल्याला वाटतं हॉस्पिटलात गेलं की सतत कोणीतरी आपल्याजवळ असणार. नसतं गं. डॉक्टर मधूनमधून तपासून जातात आणि खऱ्या अर्थाने येतात ते शेवटी. नर्सच्या हाताखाली एकाच वेळी दोन-तीन बायका, तिला ठोके बघायचे, कागद भरायचे, पलीकडचीची सलाईन बदलायची, मग तिची ड्युटी संपते आणि नवीन चेहरा येतो जो परत विचारतो "कळा कधीपासून?" नवरा बिचारा एक तर फोनवर सगळ्यांना अपडेट देतोय नाहीतर फाईल घेऊन काउंटरवर. या सगळ्या गर्दीत ज्याला दुसरं काहीच काम नाही, फक्त तुझ्याजवळ थांबायचंय, असं एकच माणूस होतं ते म्हणजे ती.

आणि हात धरून बसत नाहीत हो, आत्यांना सांग. माझ्या बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती म्हणून सगळ्या कळा कमरेत येत होत्या, पोटात नाहीच. ती माझ्यामागे गुडघ्यावर बसून कळ सुरू झाली की माकडहाडाच्या जरा वर तळहाताने असं काही दाबून धरायची की त्या दाबानेच मी श्वास घेऊ शकत होते, कळ गेली की सोडायची, परत आली की परत. रात्रभर. नवऱ्याने मध्येच तिची जागा घेऊन बघितली तर थोड्याच वेळात त्याचे हात भरून आले. त्याआधी घरी तिने मला नुसतं पडू दिलं नव्हतं, मोठ्या बॉलवर बसवलं, जिन्याने तिरकं चढायला लावलं, मऊ खिमट खायला लावलं, आणि मुख्य म्हणजे पहिल्या दोन कळांना घाबरून बॅग घेऊन पळू दिलं नाही (डॉक्टरांशी फोनवर बोलूनच, स्वतःच्या मनाने नाही).

ऐन वेळी बाळाचे ठोके उतरायला लागले आणि डॉक्टरांनी सिझरचं सांगितलं तेव्हा तिने एक शब्दही विरोधात काढला नाही. फक्त डॉक्टरांना म्हणाली, तिला एक मिनिट समजावून सांगाल का. त्यांनी सांगितलं. मी सही केली तेव्हा मला माहीत होतं मी कशावर सही करतेय. माझ्या जावेचंही सिझर झालं, ती अजून म्हणते "मला काही कळलंच नाही, नेलं आणि कापलं". हा फरक माझ्यासाठी पैशांपेक्षा मोठा होता.

जुनं_खोड

पेरूताई, तुम्ही बंदी घातलीत म्हणून "आमच्या वेळी" म्हणत नाही, पण माझं वय सत्तरीपार असल्याने मला दुसरी कुठली वेळ माहीतच नाही :)

सव्वा महिना माहेरी, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, सकाळी तेल लावून कडकडीत पाण्याने न्हाणं, खारीक-डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हे सगळं केलंय. आता त्यावर जीव ओवाळून टाकणारे लेख लोक लिहितात. मला विचाराल तर त्यातलं निम्मं सुख होतं आणि निम्मा जाच होता. पाणी भरपूर प्यायलं तर पोट सुटेल म्हणून तहानलेलं ठेवायचे, बाळ रडलं की "तुला दूध पुरत नाही" हे येणारी प्रत्येक बाई म्हणून जायची. पण एक होतं, बाळंतिणीने उठून स्वतःचं ताट वाढून घ्यायचं नाही हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं. तुमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये हे कोण सांगणार?

म्हणून मी तुमच्या आत्याच्या बाजूने. मात्र नुसती मालिशवाली नको. ती तास-दीड तासात तुम्हाला आणि बाळाला रगडून पुढच्या घरी जाते. दिवसाचे बाकीचे तास कोण, ते बघा.

स्टेथो_आणि_चहा

मी गायनॅक आहे. डूलाबद्दल आमच्यात दोन तट आहेत हे खरं, पण मुळात बाळंतिणीजवळ सलग कोणीतरी असावं याबद्दल आता वाद राहिलेला नाही. २०१७ चा कॉक्रेनचा (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आहे, १७ देशांमधले २६ अभ्यास, पंधरा हजारांवर बायका. सतत सोबत असली तर सिझेरियन कमी, कळांचा काळ थोडा कमी (सरासरी पाऊण तासाच्या आसपास, फार मोठं नाही), वेदनाशामकं कमी, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या बायका कमी. पण नीट वाचा, त्यात सोबत म्हणजे डूलाच असं नाही, नर्स, नात्यातली बाई, मैत्रीण, नवरा सगळे प्रकार आहेत. डब्ल्यूएचओनेही २०१८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत असावी असं सांगितलं, पसंतीची हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडेही केंद्राने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला परवानगी दिलीये. नात्यातली बाई, शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी, आणि जिथे पडदे-आडोसा नीट आहे तिथे नवरासुद्धा. पुढच्या वर्षी आलेल्या, सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. प्रत्यक्षात एका खोलीत चार टेबलं असली की कोणालाच आत सोडलं जात नाही हेही मी रोज बघते.

आता आमची बाजू. डूलाने आतून तपासायचं नाही, ठोके ऐकून मत द्यायचं नाही, औषध सुचवायचं नाही, "अजून थांबा, डॉक्टर घाई करताहेत" असं पेशंटच्या कानात सांगायचं नाही. बहुतेक जणी नाही करत. पण आपल्याकडे डूलाला ना परवाना लागतो ना कुठे नोंदणी, नर्सचं रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे असतं तसं काही नाही. त्यामुळे आठवड्याच्या शेवटी ऑनलाईन कोर्स करून आलेलीही डूला आणि शेकडो बाळंतपणं बघितलेलीही डूला.

दुसरं, सिझर टाळायला डूला असं लोक म्हणतात. एनएफएचएस-५ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१) देशात खाजगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांवर बाळंतपणं सिझरने झालीत आणि सरकारीत १४ च्या आसपास. हा फरक काही बायकांना हात धरायला कोणी नव्हतं म्हणून पडलेला नाही. तुमच्या डॉक्टरांचं स्वतःचं प्रमाण किती ते सरळ विचारा, त्याचं उत्तर फुकट मिळतं. रागावले तर तेही एक उत्तर.

जुनं_खोड, तुमचं वाचून मजा आली, पण नवीन मुली वाचताहेत म्हणून सांगते, बंद खोलीत धुरी नको, बाळाच्या नाकाकानात तेल नको, आणि बाळाची छाती पिळून "दूध काढणं" तर मुळीच नको, त्यात गळू होतात. तुम्हाला नाही, मालिशवाल्या बायकांना सांगतेय.

जुनं_खोड

माझ्या धाकट्या नातीला तेवढ्यासाठीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. धुरी मी कधीच बंद केली. शेक मात्र सोडणार नाही.

दोन_पोळ्या_कमी

नवऱ्यांच्या बाजूने कोणी बोलत नाहीये म्हणून. मला आधी वाटलेलं की डूला आली म्हणजे मी बाद, मी काय फक्त गाडी चालवायला का. झालं उलटंच. मला नेमकं काय करायचं ते कोणीतरी सांगत होतं, आता पाणी दे, आता गप्प बस, आता तिच्यासमोर उभा राहा आणि तिला गळ्यात हात टाकून लोंबू दे. नाहीतर मी नुसता "होईल होईल" म्हणत फिरलो असतो आणि त्यावर बायकोने जे काय म्हटलं असतं ते इथे लिहिता येत नाही. नवरा चक्कर येणारा असेल तर डूला नक्कीच घ्या, निदान एक जण उभा राहील.

रजेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस तरी आहेत, खाजगीवाल्यांना कायद्याने शून्य. कंपनी देईल ते. मी लग्नासाठी साठवलेली रजा वापरलेली, लग्न माझ्या भावाचं होतं, अजून ऐकवतो.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून लिहितेय, इथे सात वर्षं झाली. इथली गोष्ट ऐक म्हणजे "नंतरची" मदत काय असू शकते त्याचा अंदाज येईल. इथे बाळ झालं की क्रामझोर्ख म्हणून सोय असते, शिकलेली बाई घरी येते, पहिला आठवडा-दहा दिवस, मिळून २४ ते ८० तास, आणि ते साध्या आरोग्य विम्यात बसतं, आपण ताशी थोडेसे युरो घालायचे. ही काही श्रीमंतांची चैन नाही, सगळ्यांनाच.

बाई यायच्या आधी आपला पलंग ठोकळ्यांवर चढवून उंच करून ठेवायचा असतो, म्हणजे तिची पाठ जाऊ नये. मी तो उंच पलंग बघितला आणि मला आजीकडची बाजच आठवली, खाली शेगडी तेवढी नव्हती. ती सकाळी यायची, माझा ताप बघायची, टाके बघायची, गर्भाशय किती खाली गेलं ते पोटावर हात ठेवून बघायची, बाळाचं वजन, किती लंगोट ओले झाले त्याची वही. बाळ छातीला नीट लागत नव्हतं तेव्हा तिने बाळाला नाही, मला हलवलं, मागे रेलून बसवलं आणि दहा मिनिटांत चिरा पडायचं थांबलं. मग तीच बाथरूम धुवायची आणि वॉशिंग मशीन लावायची. भेटायला आलेल्यांना अर्ध्या तासाने "आता आई झोपणार" म्हणून ती उठवायची, माझी हिंमत झाली नसती. येणाऱ्यांना रस्कवर लोणी लावून त्यावर गुलाबी नाहीतर निळ्या-पांढऱ्या गोळ्या पसरून देतात, आणि त्या गोळ्यांच्या आत काय तर बडीशेपेसारखा दाणा! दूध यायला चांगला म्हणे. आमची आई फोनवर म्हणाली, बघ, शेवटी सगळे बाळंतशोपेवरच आले.

पण खरा उपयोग झाला तो वेगळाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी कारण नसताना रडायला लागले, तिने ते वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मिडवाईफ (शिकलेली सुईण) मुद्दाम वेळ काढून बसली माझ्याशी. घरचं माणूस असतं तर म्हणालं असतं, रडू नको, दूध आटेल.

माझं मत, एकच परवडत असेल तर नंतरची घे. बाळंतपण एका दिवसाचं, नंतरचे आठवडे कोणी मोजत नाही.

ताकभात

एका दिवसाचं हे खरं, पण तो दिवस आयुष्यभर डोक्यात राहतो ना. मी नाही बाई सहमत. बाकी सगळं मात्र हेवा वाटण्यासारखं.

स्टेथो_आणि_चहा

रडण्याबद्दल, पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही गेलं नाही, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, किंवा नको ते विचार येतात, तर फोन करायचा. दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली असते, कोणीही डॉक्टर पाच मिनिटांत करून घेईल. आणि शरीराचं, तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर मालिशवाली, डूला, आत्या कोणालाही न विचारता थेट हॉस्पिटल. बीपीचा त्रास बाळ झाल्यावरही होऊ शकतो, लोकांना वाटतं आता संपलं.

गोदाकाठ

सगळं पुण्या-परदेशाचं चाललंय म्हणून जरा इकडचं. माझी वहिनी आशा वर्कर आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, वजन करते, ताप बघते, बाळ अंगावर पितंय का बघते. त्या सगळ्या भेटी मिळून तिला २५० रुपये मिळतात. तुमच्या डूलाच्या एका तासाचे किती ते मला विचारायचंच नाही.

आणि हे शोधलं कोणी, तर आपल्याच गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरोघरी पाठवलं, तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि मग देशाने उचललं. म्हणजे बाळंतिणीच्या घरी शिकलेली बाई येणं हे काही फॉरेनचं फॅड नाही. फक्त शहरातल्या सोसायटीत ती पोचत नाही, वॉचमन सोडत नाही म्हणून असेल. तुम्ही पैसे देऊन तेच विकत घेताय, घ्या की, पण "आपल्याकडे असलं नसतं" म्हणू नका.

पेरूची_फोड

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, चक्करवाल्या वाक्याला तो हसला नाही.

आज हॉस्पिटलात जाऊन विचारलं. लेबर रूममध्ये एकच माणूस, नवरा किंवा डूला, पण आलटून पालटून चालेल. ऑपरेशन थिएटरमध्ये कोणीच नाही. डॉक्टर म्हणाल्या आधी डूलाला एकदा भेटायला घेऊन या, मग बघू. वैतागल्या नाहीत, फार आनंदल्या असंही नाही. त्यांचं सिझरचं प्रमाणही विचारलं (हिंमत करून!), त्यांनी एक आकडा सांगितला आणि कुठल्या कारणांनी करावं लागतं तेही नीट समजावलं, ते मला आवडलं.

आता असं डोक्यात आहे की बाळंतपणासाठी त्या बाईंनाच घ्यायचं पण नंतरच्या दोन भेटी वाढवून घ्यायच्या आणि पोस्टपार्टम डूला (बाळ झाल्यावर घरी मदतीला येणारी) तासावर न घेता त्याऐवजी दिवसभराची बाई, म्हणजे स्वैपाक आणि वरकाम दोन्ही. आत्याचंही राहिलं. डूला बाईंना आणखी काय विचारू?

ताकभात

हे विचार. त्या महिन्यात त्यांच्याकडे तुझ्याशिवाय किती जणी आहेत. दोघींच्या कळा एकदम सुरू झाल्या तर बदली कोण, आणि ती बदली तुला आधी भेटवतील का (माझीने भेटवली होती, म्हणून मी निर्धास्त होते). मध्यरात्री फोन केला तर स्वतः उचलतात का मेसेज टाकायचा. तारीख ठरवून सिझर करायचं झालं तर पैसे किती परत. एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते औषध) घेते म्हटलं तर तोंड वाकडं करतात का, हे मुद्दाम विचार, काही जणींना ते पाप वाटतं, तसली नको. आणि याआधी कोणत्या हॉस्पिटलांत गेल्यात, तुझ्याच हॉस्पिटलात गेल्या असतील तर निम्मं काम झालं, नर्स ओळखतात.

पैसे हप्त्याने दे, एकदम नाही. विम्याच्या क्लेममध्ये हे धरत नाहीत, तो नाद सोड.

कालव्याकाठी

दिवसभराच्या बाईला आत्ताच ये म्हणावं, बाळ झाल्यावर नाही. तुझ्या स्वैपाकघरात डबे कुठे आहेत हे बाळंतिणीने ओरडून सांगायला लागू नये.

जुनं_खोड

लाडवांचं कोण बघतंय? नांदेडहून आईला बसल्या बसल्या सामान निवडून पाठवायला सांगा, तिलाही बरं वाटेल. डिंक मी सांगेन तिथला घ्या, हल्ली भेसळ फार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पेरूची_फोड

आजी, व्यनि मिळाला, पत्ता लिहून घेतला. ताकभात, तुझ्या डूलाचा नंबरही देऊन ठेवशील का, या बाईंकडे माझ्या तारखेच्या आसपास अजून दोघी आहेत असं आत्ताच कळलं.